'मी गोळी खाल्लो' हे यंत्राला कळेपर्यंत

आण्णांना काचबिंदू आहे, आईचे गुडघे गेलेत. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरी दिवसभर दोघंच असतात. बोललेलं ऐकून लाईट-पंखा लावणारं, गोळ्यांची आठवण करणारं काहीतरी हवं होतं, आणि घरातलं बोलणं बाहेरच्या सर्व्हरवर जायला नको होतं. म्हणून होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं खुलं सॉफ्टवेअर) आणि व्हिस्पर घरच्याच यंत्रावर बसवलं. ते एका रविवारात झालं. पुढचे पाच आठवडे मात्र मी विसरणार नाही.

व्हिस्पर हे ओपनएआयनं २०२२ मध्ये खुलं केलेलं, बोललेलं लिहून काढणारं मॉडेल. भाषांच्या यादीत मराठी आहे, त्यावर मी विसंबले. आई म्हणाली, "लाईट घालव." यंत्राच्या नोंदीत आलं 'राईट गलाव'. आण्णांचं "किती वाजल्यात?" हिंदी समजून लिहिलेलं. भाषा आपोआप ओळखू देऊ नका, सेटिंगमध्ये मराठी पक्की करा, मग हिंदी थांबते. खोलीत कुणी बोलत नसतानाही कधीकधी वाक्यं उमटायची. शांततेत शब्द रचायची या मॉडेलची खोडच आहे.

आधी हे सगळं रास्पबेरी पाय ४ या हाताएवढ्या संगणकावर होतं. त्यावर व्हिस्परचं स्मॉल, म्हणजे लहान आकाराचं मॉडेल उत्तराला दहा सेकंद घ्यायचं. आण्णा तीन सेकंद थांबायचे आणि तेच परत मोठ्यानं सांगायचे, मग सगळाच गोंधळ. शेवटी जुना डेस्कटॉप काढला आणि त्यावर त्याहून मोठं मीडियम मॉडेल टाकलं. म्हाताऱ्या माणसांसाठी करणार असाल तर पैसे आधी इथं घाला.

तरीही आई अडलीच. आमच्याकडं बायका 'मी आलो, मी जेवलो' असंच बोलतात, मीही घरी तशीच बोलते. पण यंत्राला आधी लिहून दिलेली वाक्यंच कळतात, आणि ती मी पुस्तकी लिहिली: 'मी गोळी घेतली.' आई सांगायची, "मी गोळी खाल्लो." व्हिस्परनं ते बरोबर लिहिलंही होतं, पण माझ्या वाक्यांत ते नव्हतं. त्यामुळे दर पाच मिनिटांनी 'गोळी घ्या' चालूच. तिसऱ्या दिवशी तिनं डबीचा रिकामा कप्पा स्पीकरपुढं धरला. "खाल्लो म्हणून किती बारी सांगू गं?" मला धडकी भरली. रक्तदाबाची गोळी ती. आठवण सारखी वाजते म्हणून तिनं दुसरी घेतली असती तर?

त्या रात्री आठवण दोनदाच वाजेल असं केलं. मग आठवडाभर वही घेऊन दोघांच्यात बसले. खाल्लो, खाल्ले, घेतलो मघाशीच, झालं खाऊन. लाईट घालव, बत्ती बंद कर. जसं बोलतात तसं ६० च्या वर वाक्यं लिहून घातली, आणि चौथ्या आठवड्यापासून आईचं कळायला लागलं. कुठल्याही मार्गदर्शनात हे लिहिलेलं नव्हतं. 'मराठी चालते' एवढं लिहून मोकळे होतात, याचा राग अजून आहे. गोळ्यांची पाकिटं मात्र मी अजूनही दर रविवारी मोजते.

एक राहिलं. हाक मारून जागं करायचा शब्द ठेवू नका. होम असिस्टंटचा 'ओके नाबू' आईच्या तोंडी कुठून येणार? ईएसपीहोम (छोटी उपकरणं होम असिस्टंटला जोडणारं सॉफ्टवेअर) वापरून खाटेच्या उशाला बटण बसवलंय. दाबलं तरच माईक चालू, त्यामुळे टीव्हीचा त्रास गेला आणि बाकी वेळ कोण ऐकतंय ही धास्तीही. अडचणीला भिंतीवर १०८ मोठ्या अक्षरात आहेच, ते या यंत्रावर सोडू नका.

लिहिलेलं बोलून दाखवणाऱ्या ईस्पीकचा मराठी आवाज दोघांनाही नको होता. ठरलेली उत्तरं माझ्या मुलीच्या आवाजात रेकॉर्ड करून घातली. आता "आज्जी, गोळी" वाजलं की आई उठायच्या आधी "व्हय गं बाळ" म्हणते.

आण्णांचा पावसाळ्यातला प्रश्न तेवढा राहिलाय: "पंचगंगा किती फुटावर हाय?" नदीची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा बाहेरूनच आणावा लागतो, आणि यंत्र मी नेटपासून तोडून ठेवलंय. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे त्यांना पाठ आहे. आकडा मी रोज संध्याकाळी फोन करून सांगते.