‘आर’च्या रकान्यात सगळ्यांनाच १८

इथे इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यात मोठ्या माणसांच्या वॉर्डात सगळं एका तक्त्यावर चालतं, पेशंट बिघडतोय का हे वेळेत ओळखण्याच्या. नाव न्यूज-२. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१२ मध्ये काढला आणि २०१७ मध्ये सुधारला. त्याला लागणारं सामान आपल्या ग्रामीण रुग्णालयातही आहे: बीपीचं मशीन, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, सेकंदकाट्याचं घड्याळ. म्हणून यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या सिस्टरांसाठी हे लिहिते आहे. इथली महागडी यंत्रं बघून उसासे टाकण्यात काय अर्थ?

श्वास, ऑक्सिजनचा आकडा, ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, नाडी, शुद्धीत आहे का आणि ताप, अशा सात गोष्टींना गुण; जितकं बिघडलेलं, तितके जास्त. बेरीज ५ झाली की डॉक्टरांना तातडीने कळवायचं आणि किमान तासातासाला तपासायचं. ७ किंवा जास्त म्हणजे आणीबाणी. एकाच गोष्टीत ३ गुण आले, तरी बेरीज बघत बसायचं नाही, कळवायचं. सोळा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बाया यांच्यासाठी हा तक्ता नाही.

यातला सगळ्यात दुर्लक्षित आकडा श्वासाचा. आपल्याकडचा टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट काढून बघा, ‘आर’ म्हणजे श्वासाखाली ओळीने १८, १८, २०. मोजलेला नसतो, भरलेला असतो. (इथेही भरतात, उगाच गोऱ्यांचं कौतुक नको.) पण पेशंट बिघडू लागला की बीपी पडायच्या कितीतरी आधी बहुधा श्वास वाढतो. मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ला २, आणि २५ झाले की थेट ३. नाडी धरल्यासारखं मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर, पूर्ण ६० सेकंद. मोजतोय हे कळलं की माणूस श्वास बदलतो. १५ सेकंद मोजून चारने गुणलं, तर एका श्वासाची चूक चारची होते; २४ चे २० दिसतात.

शुद्धीचंही तसंच. रात्री अचानक बरळू लागलेल्या आजोबांना आपण ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. नवीन गोंधळाला इथे ३ गुण आहेत.

ऑक्सिमीटरवर मात्र डोळे मिटून विश्वास नको. बोटं गार असली, नेलपॉलिश असलं तर तो चुकतो. शिवाय हिमोग्लोबिन ५ असलेल्या बाईला तो ९८ दाखवू शकतो. कापसाच्या पाच बंड्या आल्या, पाचही भरलेल्या, पण जिनिंगला लागत होत्या बारा, तसं ते: आहे ते हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलं, पण हिमोग्लोबिनच कमी. सिकलसेल आणि रक्तक्षय असलेल्या आपल्या भागात हे डोक्यात पक्कं हवं. उलट चुलीच्या धुराने फुप्फुसं गेलेल्या काही पेशंटांना ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं. ते डॉक्टरांनी ठरवून लिहून द्यायचं; मग ९९ करण्यासाठी ऑक्सिजन वाढवायचा नाही.

आता तक्ता जिथे फसतो ते. मण्यार चावलेला माणूस पहाटे येतो, पोट दुखतं म्हणतो, चाव्याची खूणही दिसत नाही. नाडी, बीपी, श्वास सगळं नॉर्मल, बेरीज शून्य. त्याला वर बघायला सांगा, पापणी खाली येते का बघा. एका श्वासात कुठवर आकडे म्हणतो ते लिहून ठेवा. तासाभरापूर्वी २५ पर्यंत जाणारा आता १४ वर थांबत असेल, तर श्वासाचे स्नायू ढिले पडताहेत.

फवारणीच्या कीटकनाशकाच्या विषबाधेत त्यावर देतात त्या अॅट्रोपिनमुळेच नाडी वाढते, म्हणून नुसती नाडी बघून ‘बिघडला’ किंवा ‘डोस पुरला’ ठरवता येत नाही. छाती ऐका, घरघर गेली का. काख कोरडी झाली का. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, पेशंट बोलतोय, सगळे निवांत आहेत, तेव्हा प्रत्येक फेरीला सांगा, ‘उशीवरून डोकं उचला’. उचलता आलं नाही तर मानेनंतर श्वासाची पाळी येऊ शकते. त्याला अॅट्रोपिनचा उपयोग नाही, व्हेंटिलेटर लागतो, आणि तो पन्नास किलोमीटरवर असतो.

मग फोन. ‘सर, पेशंट बरा नाही वाटत’ म्हटलं की उत्तर येतं, ‘सलाईन लावा’. त्यापेक्षा असं: ‘सर, बेड ४, फवारणीचं विष, तिसरा दिवस. श्वास २८, ऑक्सिजनशिवाय ९२, नाडी ११८, वरचं बीपी १०४, शुद्धीत, ताप नाही. न्यूज ८, सकाळी ३ होता. मान उचलत नाही. तुम्ही आत्ता येऊन बघावं. १०८ बोलावू का?’ शेवटचा प्रश्न विसरायचा नाही. काय हवंय ते आपणच सांगायचं. तोंडी ऑर्डर मिळाली की औषध, डोस आणि मार्ग त्यांना परत वाचून दाखवायचा आणि वेळ लिहायची. गाडीत अॅम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि सक्शन (घशातला स्राव ओढायचं यंत्र) चालू आहे का, हे पेशंट चढवण्याआधी तपासायचं.

एक रकाना मी आपल्या चार्टला हाताने जोडला असता: नातेवाईक काय म्हणतात. इंग्लंडमध्ये २०२४ पासून मार्था रूल लागू होऊ लागला. माणूस बिघडतोय असं घरच्यांना वाटलं, तर ते थेट दुसऱ्या टीमला तपासायला बोलावू शकतात. आपल्याकडे दुसरी टीम कुठली! पण ‘सिस्टर, बाई कालच्यासारखी नाही जी, दम लागून राह्यला तिले’ असं कोणी म्हटलं, तर पुढच्या फेरीची वाट न बघता घड्याळ घेऊन जायचं आणि पूर्ण मिनिट मोजायचं.