वेंगुर्ल्याजवळच्या काजूच्या बागेत, जुन्या घरात एक रात्र

नाशिकचे द्राक्षमळे मला मनापासून आवडतात. गंगापूर धरणाच्या बाजूला मळ्यातच राहायची सोय असते, सकाळी उठलं की समोर वेलींच्या रांगा, मग कोणीतरी फिरवून दाखवतं, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी कशी करतात, जानेवारी ते मार्च तोडणी कशी चालते. हे सगळं मळ्यात उभं राहून ऐकलं की ग्लासात जे आलंय ते कुठून आलंय ते खरंच कळतं. 2001 साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि तिकडे वाईनरी वाढल्या, मागोमाग राहायच्या जागा वाढल्या. मी सिंधुदुर्गातली, त्यामुळे तिकडून परत येताना दर वेळी वाटायचं की फळ तर आपल्याकडेपण आहे, नुसतं आहे काय झाडाखाली सडा पडतो, मग आपल्याकडे असं बागेत राहायला का नाही?

तर आहे. यंदा मार्चच्या शेवटी आम्ही वेंगुर्ल्याजवळ काजूच्या बागेतल्या एका जुन्या घरात राहून आलो. घराचं नाव देत नाही, कारण खोल्या मोजक्याच आहेत आणि तिथल्या काकींनी सांगितलंय की ओळखीतून येतील तेवढेच बरे. पण या बाजूला, सावंतवाडी-दोडामार्गकडेही, बागायतदारांनी आपल्या घरात सोय केलेली अशी ठिकाणं हल्ली बरीच झालीत, शोधली की सापडतात.

घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. आत माजघरात झोपून वर बघितलं की प्रत्येक कौलावर कारखान्याचा छाप दिसतो, पोरं तेच वाचत बसली होती. फणसाच्या लाकडाचे खांब, ओटीवर झोपाळा, पुढे शेणाने सारवलेलं खळं आणि त्या खळ्यात काजूची बी वाळत घातलेली, इतकी की तुळशीपर्यंत जायला बाजूने वाट सोडलेली. पाहुणे येणार म्हणून ती बी काही कोणी उचलून आत ठेवली नव्हती आणि मला तेच सगळ्यात आवडलं. खोल्या साध्या, एसी नाही, बाथरूम तेवढी मागच्या पडवीला नवीन बांधून घेतलीत. हेरिटेज म्हणून जुनी भांडी टांगून ठेवलेली ठिकाणं खूप बघितली, इथे रहाटसुद्धा वापरातला आहे.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगते नाहीतर दुसरं काही लिहून होणार नाही. ओल्या काजूगरांची उसळ, तिरफळं घातलेला बांगडा, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. ओले काजू या दिवसात बाजारात शेकड्याने विकतात आणि महाग का असतात ते ती बी फोडताना बघितल्यावर कळतं. हिरवी बी उभी चिरायची, आतला गर न तुटता काढायचा, आणि तिच्या सालीतला चीक हाताला लागला की कातडी सोलवटते, म्हणून बायका राख घेऊन बसतात. काकींच्या बोटांची टोकं काळी पडलेली होती. मला त्यांनी एकही बी फोडू दिली नाही.

रात्री गरम होत होतं, खोटं कशाला सांगू, पण आम्ही खिडक्या उघड्या टाकून झोपलो आणि बागेतून तो पिकल्या बोंडूंचा, म्हणजे काजूच्या रसाळ फळांचा, वास येत होता, गोड आणि जरा आंबूस. सुक्या पाचोळ्यावर बोंडू पडल्याचा आवाज रात्रभर चालू. मधेच वटवाघळांची फडफड. ती बोंडू उचलून दुसऱ्या झाडावर नेतात, खातात आणि बी खाली टाकतात, त्यामुळे सकाळी आंब्याच्या झाडाखालीसुद्धा काजूची बी मिळते. तीपण वेचायचीच, सोडायची नाही.

पहाटे काकांबरोबर बागेत गेलो. काजू झोडपून पाडत नाहीत, पिकून पडलेला वेचायचा, तेव्हाच बी भरलेली असते. बोंडू डाव्या हातात धरायचा, उजव्या हाताने बी पिळून सुटी करायची, बी टोपलीत, बोंडू बाजूला. पोरांना नवल वाटलं ते हे की आपण ज्याला फळ म्हणतो तो बोंडू म्हणजे फुगलेला देठ आणि खाली लटकते ती बी हेच खरं फळ. काकांच्या आजोबांच्या वेळची गावठी झाडं वेगळी, वेडीवाकडी पसरलेली, आणि खालच्या अंगाला कलमं, लाल बोंडूची वेंगुर्ला चार आणि पिवळ्या बोंडूची वेंगुर्ला सात या जातींची. ही कलमं वेंगुर्ल्याच्याच फळ संशोधन केंद्राची. ते केंद्र 1957 पासून आहे आणि आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. 1990 ला रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी वरकस, म्हणजे हलक्या, उताराच्या जमिनी काजूखाली आल्या, काकांचा हा खालचा भागपण तेव्हाचाच.

आता मुद्द्याचं. एक किलो बीमागे साधारण आठ-दहा किलो बोंडू निघतो. बी विकली जाते, वेंगुर्ला काजूला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, छानच झालं. पण तो आठ-दहा किलो बोंडू? बहुतेक बागांत तो झाडाखालीच कुजतो. पिकलेला बोंडू एका दिवसाच्या वर टिकत नाही, उचलायला माणूस नाही, नेणारा कोणी नाही. आणि तेरेखोलची खाडी ओलांडली की त्याच बोंडूचं सोनं होतं. गोव्यात तो कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडीत, तुडवतात, रस आंबवतात, पहिल्यांदा भट्टी लावली की हुर्राक आणि पुन्हा लावली की फेणी, आणि काजू फेणीला 2009 पासून जीआय आहे. तिकडच्या भट्ट्या बघायला लोक पैसे देऊन जातात. झाड तेच, पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं, माती तीच, पाऊस तोच. बीचा भाव पडला, आफ्रिकेतून कच्ची बी आली, की आमच्या बागायतदाराच्या हातात दुसरं काहीच उरत नाही आणि एवढा रस मातीत जातो याचं मला खूप वाईट वाटतं.

म्हणून काकी जे करतात ते मी पूर्ण सकाळ बसून बघितलं. बोंडू धुतले, चिरले, पडवीत ठेवलेल्या हाताने फिरवायच्या प्रेसमध्ये घातले. रस निघाला तो गढूळ, पिवळट. मी ग्लास पुढे केला तर म्हणाल्या, "अगो, साबुदाणो घातल्याशिवाय पिऊ नको, घसो धरता." बोंडूत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, त्याने घसा खवखवतो. लिटरभर रसाला पाच ग्रॅम साबुदाणा, तो पाण्यात शिजवून पारदर्शक खळ करायची, गार झाली की रसात घालून ढवळायची आणि भांडं हलवायचं नाही. ते टॅनिन साबुदाण्याला धरून तळाशी बसतं आणि वर नितळ रस राहतो. आदल्या दिवशीचं पातेलं त्यांनी झाकण काढून दाखवलं, खाली दोन बोटं पांढरा साका आणि वर मधाच्या रंगाचा रस, तो त्यांनी वरच्यावर ओतून घेतला. मग आम्हाला थोडं मीठ घालून दिला. तुरटपणा नावालासुद्धा नव्हता. उरलेल्याचं त्या साखर घालून सिरप करतात आणि येणाऱ्या पाहुण्यांनाच विकतात. त्यांच्या बागेत त्या दिवशी झाडाखाली सडका बोंडू फार थोडा दिसला, जो होता तो गुरांना गेला.

मला वाटतं बागेत राहायचं ते यासाठी. समुद्र बघायला लोक येतातच, सागरेश्वरचा किनारा तिथून जवळ आहे आणि आम्हीपण संध्याकाळी गेलो, वेंगुर्ल्याचं जुनं मार्केट बघितलं, डच वखारीचे पडके अवशेष बघितले. पण पाहुण्याने रात्रीच्या खोलीचे पैसे दिले आणि वर दोन बाटल्या रस नेला तर बागायतदाराला बोंडू वेचायला माणूस लावणं परवडतं. काकांनी स्वतः हेच सांगितलं, पाहुणे यायला लागल्यापासून ते पडलेला बोंडू रोज उचलतात.

जायचं असेल तर मार्च आणि एप्रिल धरा, मे मध्यानंतर बाग संपत येते आणि पाऊस लागला की काहीच नाही. कोकण रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरून गाडी मिळते. बुक करताना विचारा की बागेत काम चालू आहे का, वेचणीला सोबत येऊ का, रस काढता का. नाही म्हणाले तर दुसरं घर बघा. आणि जुने कपडे घेऊन जा, बोंडूच्या रसाचे डाग कितीही धुतले तरी जात नाहीत.