खाली हळद, वर पॅनल : आमची वाटचाल

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं शेड आहे. वडिलांच्या वेळेपासून गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गोदामांचे ट्रस म्हणजे छपराचे सांगाडे, हेच काम. सोलर आमच्या धंद्यात मागच्या दारानं आलं. शहरात गच्चीवर पॅनल बसवणाऱ्यांना खालचा सांगाडा लागायचा, तो आम्ही किलोच्या भावानं करून द्यायचो. वर काय बसतंय, बिल किती वाचतंय, याच्याशी देणंघेणं नव्हतं. मग खानापूरकडच्या एका काजू कारखानदारानं विचारलं, ‘‘शेडचे पत्रे जुने, भार घेणार नाहीत. शेजारी माझंच रान आहे, तिथं उभं करून द्याल काय?’’ रानात हळद होती. माप घेताना त्याची आई बांधावर आली आणि सरळ म्हणाली, ‘‘ह्याच्या बुडात काय पिकतंय म्हणून सांगालास?’’ वेल्डिंगवाल्याला असा प्रश्न कोण विचारत नाही. आमचा धंदा बदलला तो तिथून.

पॅनलखाली पीक घ्यायची ही कल्पना काही नवी नाही. जर्मनीत गोएट्झबर्गर आणि झास्ट्रो या दोघांनी 1982 मध्येच पॅनल उंचावर, ओळींत अंतर सोडून बसवायचं आणि खाली शेती करायची असं मांडलं होतं. आपल्याकडं जोधपूरच्या काझरीत, म्हणजे शुष्क प्रदेशासाठीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत, पॅनलच्या ओळींमध्ये पिकं घेऊन पाहिली आहेत, पॅनलवरचं पावसाचं पाणीही साठवलं आहे. पण जोधपूरचं ऊन वेगळं, आमचा पाऊस वेगळा. इथला हिशेब इथंच मांडावा लागला.

लोकांना वाटतं, उंची ट्रॅक्टर जाण्यासाठी. तेवढ्यासाठी असती तर आठ फुटांत भागलं असतं. आम्ही दहा फूट धरतो ते सावलीसाठी. डिसेंबरात भर दुपारी दहा फुटांवरच्या पॅनलची सावली साधारण आठ फूट उत्तरेला पडते, म्हणजे पॅनलच्या अगदी खालच्या सरीला तेव्हा ऊन मिळतं. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बेळगावच्या बरोबर डोक्यावर येतो, पुढं ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तो दुपारी उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला सरकते. पॅनल जितकं उंच, तितकी सावली फिरती. खाली ठेवलं तर एकच पट्टा वर्षभर अंधारात राहतो आणि तिथं धड काही येत नाही. म्हणून आता ड्रॉइंग काढण्याआधी आम्ही रानात चुन्यानं जूनची आणि डिसेंबरची सावली आखून दाखवतो. शेतकरी त्या रेघांत उभा राहून स्वतःच सांगतो, इथं हळद, इथं आलं, इथं मेथी-कोथिंबीर. मिरचीला तो ओळींमधली मोकळी पट्टी देतो.

उसाला मात्र आम्ही हात जोडतो. त्याला ऊन पोटभर लागतं, आणि वाढला की तो पॅनललाच जाऊन टेकणार. चिकोडी-अथणीकडून फोन येतात तेव्हा हे ऐकून मंडळी नाराज होतात. होऊ देत.

खरी अडचण गिऱ्हाइकाची. कर्नाटकात 10 एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट. ज्याला बिलच नाही त्याला वाचवून काय देणार? थ्री-फेज रात्री येते, पाणी पाजायला अंधारात जावं लागतं हे खरं, पण तेवढ्यासाठी कोण लाखात पैसे घालत नाही. केंद्र सरकारच्या कुसुम या सौर योजनेतले जमिनीवरचे प्रकल्प 500 किलोवॅटपासून 2 मेगावॅटपर्यंतचे, ते आमच्या ताकदीबाहेरचे. म्हणून आमचं गिऱ्हाईक म्हणजे रानाला लागून धंदा असलेला माणूस: काजू कारखाना, कुक्कुटपालन, रोपवाटिका, दूध थंड करायचं केंद्र. त्याला बिल येतं. 10 किलोवॅटला 540 वॅटची एकोणीस पॅनल लागतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र अर्ध्या गुंठ्याच्या आत. चांगल्या उन्हाच्या दिवशी चाळीसेक युनिट मिळतात. आषाढात खानापूरकडं किती, हे विचारू नका.

पाऊस मात्र बांधणीला शिकवतो. पॅनलच्या खालच्या कडेवरून पडणारी धार एकाच रेषेत माती उकरते, म्हणून आम्ही तिथं पन्हाळ लावून पाणी पाइपनं शेततळ्यात सोडतो. जागेवर वेल्डिंग अजिबात नाही, गॅल्व्हनाइज केलेल्या लोखंडावर ठिणगी पडली की जस्ताचा थर जळतो आणि फवारणीच्या औषधांनी तिथंच गंज धरतो. भोकं सगळी आधी पाडायची, रानात फक्त नट-बोल्ट. खानापूरची तांबडी माती पाया धरते. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा आणि पावसात फुगवटा, तिथं भेगांच्या खाली जाईपर्यंत खणायचं. लोखंड वाढतं, दर वाढतो, आणि गच्चीच्या दराशी तुलना करून माणसं उठून जातात.

तुमकूर जिल्ह्यातल्या पावगड्याला शेतकऱ्यांनी जमिनी भाड्यानं दिल्या आणि तिथं 2050 मेगावॅटचं सोलर पार्क उभं राहिलं. वर्षाला ठरलेलं भाडं मिळतं, त्यांच्या दुष्काळी माळाला ते परवडलं असेल. इथं दोन-तीन एकरांचा मालक रान सोडायला तयार नसतो, आणि त्यानं सोडावं असं आम्हालाही वाटत नाही.

सध्या हुक्केरीकडं एका रोपवाटिकेचं काम चालू आहे. भेटायला येणाऱ्यांनी जमिनीचा उतारा, हेस्कॉमचं म्हणजे इथल्या वीज कंपनीचं बिल आणि गेल्या तीन हंगामांत कुठल्या पट्टीत काय पेरलं होतं ते लिहून आणावं. घरातली जी व्यक्ती रोज रानात जाते, तिलाही सोबत आणावं.