ड्रिफिल्डच्या छापखान्यातले वाडे

ड्रिफिल्ड हे काही पर्यटकांचं गाव नाही. पूर्व यॉर्कशरमधलं बाजाराचं गाव. हल ते स्कारबरो गाडी इथे थांबते आणि बहुतेक प्रवासी समुद्राच्या ओढीने पुढे निघून जातात. मी उतरलो ते बेंजामिन फॉसेट नावाच्या छापखानेवाल्यासाठी. लीड्सला राहणारा माझा भाचा गाडी घेऊन स्टेशनवर हजर होता. "मामा, लोक लंडन बघायला येतात," एवढं बोलून त्याने दार उघडलं.

इंग्लंडमधल्या जुन्या चित्रांच्या कुठल्याही दुकानात शिरा, कंट्री हाउसची छोटी रंगीत चित्रं हमखास दिसतात. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली, निळसर हिरवी झाडं, मागे गुलाबी-पिवळं आभाळ, मध्ये एखाद्या लॉर्डसाहेबांचा प्रासाद. त्यातली बरीचशी एकाच ग्रंथमालेतून सुटी झालेली असतात. उमराव आणि जमीनदारांच्या घरांची ही माला रेव्हरंड फ्रान्सिस ऑर्पेन मॉरिस यांनी १८६०च्या दशकाच्या मध्यापासून १८८०पर्यंत काढली. खंड मोडून पानं सुटी विकली की जास्त पैसे येतात, म्हणून पूर्ण संच आता कमी आणि सुटी पानं ढीगभर. ग्रंथप्रेमी यावर हळहळतात. पण खंड मोडले नसते तर माझ्यासारख्याच्या खिशाला त्यातलं एक पानही परवडलं नसतं, हेही खरं.

मॉरिस मूळचे पक्ष्यांच्या नादातले. डार्विनचे कट्टर विरोधक, पण समुद्रपक्ष्यांच्या शिकारीविरुद्ध जी ओरड झाली आणि १८६९मध्ये कायदा झाला, त्यात त्यांचाही आवाज होता. ड्रिफिल्डला लागूनच असलेल्या नॅफर्टन गावी ते पाद्री होते. तिथेच फॉसेटशी गाठ पडली आणि ती जन्मभर टिकली. दोघेही गेले एकाच वर्षी, १८९३मध्ये.

फॉसेट ड्रिफिल्डला आला १८३१मध्ये. लंडनपासून दूर, या आडगावात बसून त्याने जे छापलं, ते बघून चकित व्हायला होतं. आपल्याकडच्या रविवर्मा प्रेसची चित्रं दगडावरून छापलेली. फॉसेटचं सगळं काम लाकडावर. बॉक्सवुडचा ओंडका आडवा कापायचा, म्हणजे रेषा कोरताना लाकडाचे धागे आडवे येत नाहीत. हे झाड जाड होत नाही, त्यामुळे मोठं चित्र हवं तर लहान ठोकळे जोडून घ्यायचे. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. एकच कागद पुन्हा पुन्हा हातदाबाच्या यंत्राखाली जायचा आणि दर वेळी नेमका त्याच जागी बसायला हवा. मूळ चित्रं अलेक्झांडर फ्रान्सिस लायडनची. तो फॉसेटकडेच शिकाऊ म्हणून तयार झाला. पुस्तकावर नाव मॉरिस यांचं, चित्रात घर लॉर्डचं आणि घाम या दोघांचा. मला विचाराल तर ही चित्रं फॉसेट-लायडनचीच म्हणायला हवीत.

ड्रिफिल्डहून निघून आम्ही गार्टनवरून स्लेडमिअरच्या रस्त्याला लागलो. टेकडीवर एक उंच मनोरा लागतो. सर टॅटन साइक्स या जमीनदाराच्या स्मरणार्थ १८६५मध्ये त्याच्या कुळांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी उभारलेला. कुळांनी मालकाचा मनोरा बांधावा, हे कूळकायद्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाच्या गळी सहजासहजी उतरत नाही. पुढे स्लेडमिअर हाउस. १९११मध्ये इथे आग लागली, तेव्हा याच घराण्यातले दुसरे सर टॅटन जेवत होते. आधी पुडिंग संपवतो, असं ते म्हणाल्याचं सांगतात. गावकऱ्यांनी मात्र सामान भराभरा बाहेर काढलं, दारंसुद्धा. घर पुन्हा बांधलं गेलं आणि आज आत फिरताना आगीचा मागमूस लागत नाही.

माल्टन ओलांडून कासल हॉवर्डला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. १६९९मध्ये व्हॅनब्रू या वास्तुरचनाकाराने आराखड्याला सुरुवात केलेलं हे घर. मॉरिसच्या मालेत त्याचंही चित्र आहे आणि ते मी मोबाइलवर काढून ठेवलं होतं. प्रत्यक्ष घुमटासमोर मोबाइल धरला. गंमत अशी, की दोघांतला जुना घुमट चित्रातलाच! १९४०च्या नोव्हेंबरमधल्या आगीत तो कोसळला. लढाईमुळे तेव्हा इथे मुलींची शाळा हलवलेली होती. समोर उभा होता तो १९६०नंतर पुन्हा बांधलेला.

रात्री मुक्काम यॉर्कला. सकाळी एका दुकानात पेटीभर पानं चाळत बसलो. दुकानदाराने आपणहून भिंग हातात दिलं. भिंगाखाली आजच्या छपाईत ठिपक्यांची जाळी दिसते. इथे एकही ठिपका नाही. गवताच्या बारीक तिरप्या रेषा आणि झाडाच्या कडेला हिरवा रंग रेषेबाहेर केसभर सरकलेला. तो ठसा त्या दिवशी एवढासा चुकला होता. अशी चूक मला सुबक पानापेक्षा जास्त आवडते.

मी निवडलं ट्रेंटम हॉल. स्टॅफर्डशरमधलं सदरलंडच्या ड्यूकचं घर. पॉटरीजमधल्या, म्हणजे चिनीमातीच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शेजारच्या गावांमधल्या, सांडपाण्याने ट्रेंट नदी इतकी नासली, की ड्यूकने घर सोडलं. काउंटी कौन्सिलला देऊ केलं, त्यांनी नको म्हटलं आणि १९१२च्या सुमारास घराचा बहुतेक भाग पाडून टाकला. बागा आहेत, लोक तिकीट काढून जातात. चित्रात अर्थातच नदीला वास येत नाही. पेटीतल्या कुठल्याच पानावर कारखान्यांची धुराडी नव्हती, घर चालवणारे नोकरचाकर तर नाहीतच, हरणं भरपूर.

"मामा, घरच नाही तर चित्र कशाला?" भाच्याने विचारलं.

"असलेल्या घरांचे फोटो तू काढलेस की," मी म्हटलं.

घ्यायचं असेल तर दोन गोष्टी. चौकटीतून पान काढून मागची बाजू बघू द्यायला जो कचरेल, त्याच्याकडे घेऊ नका. आणि आभाळाचा गुलाबी रंग पार उडालेला असेल, तर ते पान वर्षानुवर्षं खिडकीसमोर टांगलेलं होतं असं समजा. विमानात दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून हातातल्या बॅगेतच न्या. गुंडाळी केली की कागद मोडतो.