गुडघा उघडला तर आत सगळं काळं

मी पुण्यात ऑर्थोपेडिक्सची रेसिडेंट आहे आणि परवाची केस अजून डोक्यातून जात नाहीये. हडपसरच्या एक काकू, पन्नाशीच्या, गुडघा बदलायचं ऑपरेशन, तसं नेहमीचंच. पाठ इतकी कडक की भूल देणाऱ्या मॅडमना मणक्यात सुई घालायला बराच वेळ लागला.

सरांनी गुडघा उघडला आणि सगळे एकदम गप्प. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, पांढरी असते, झिजली की पिवळट होते, इथे मात्र डांबर ओतल्यासारखी काळीकुट्ट, हात लावला की ठिसूळ तुकडे निघतायत आणि तेच तुकडे सांध्याच्या अस्तरात रुतून बसलेत. काकू जाग्या होत्या, पडद्यापलीकडून म्हणाल्या, "काय झालं हो? कुणी बोलत का नाही?" सर म्हणाले, "काही नाही मावशी, बदलायचाय तो गुडघा, बदलतोय." मग मॅडमना म्हणाले, जरा कान आणि डोळे बघा त्यांचे. कान निळसर करडे, डोळ्याच्या पांढऱ्या भागात तपकिरी डाग.

अल्काप्टोन्युरिया, एक दुर्मिळ आनुवंशिक आजार! प्रोटीनमधलं टायरोसिन मोडताना होमोजेंटिसिक ॲसिड बनतं, ते पुढे तोडणारं एन्झाइम या लोकांत जन्मापासूनच काम करत नाही. बरंचसं लघवीतून जातं, पण थोडं थोडं कूर्चेत साठत राहतं आणि चाळिशीच्या आसपास कंबर, गुडघे, खुबे बोलायला लागतात. अडीच ते दहा लाखांत एखाद्याला होतो. गॅरोड या ब्रिटिश डॉक्टरने १९०२ मध्ये यावर लिहिलं तेव्हाच आईवडील नात्यातले असण्याचा मुद्दा मांडला होता.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात विचारलं तर काकू सहज म्हणाल्या, "लहानपणापासून कपड्यांना काळे डाग पडायचे की, आई म्हणायची उष्णता आहे, सब्जा पाजायची." आई म्हणजे वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. लघवीचं सॅम्पल उघडं ठेवलं, संध्याकाळपर्यंत काळपट झालं. इतकी वर्षं गोळ्या, इंजेक्शनं, तेल-मालिश सगळं झालं पण लघवीचा रंग एकानेही विचारला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

निटिसिनोन नावाचं औषध हे ॲसिड कमी करतं, युरोपात २०२० मध्ये मोठ्यांसाठी मंजूर झालंय, पण गेलेला सांधा त्याने परत येत नाही. काकूंचा इको सांगितलाय, कारण हृदयाच्या झडपेतही हे साठतं. आणि त्यांचा धाकटा भाऊ, गावाकडे असतो, तोही कमरेत वाकलाय म्हणे, त्याला सोमवारी ओपीडीत बोलावलंय.