आधी खोली, मग सर्व्हर: घरी जुना रॅक सर्व्हर बसवण्याचा माझा अनुभव

ड्रोनने काढलेल्या फोटोंवरून जमिनीचे नकाशे तयार करून देणं हे माझं काम. त्यासाठी मी ओपनड्रोनमॅप हे मोफत सॉफ्टवेअर वापरते. त्याला रॅम किती लागते हे वापरणाऱ्यांनाच ठाऊक. दोन-अडीचशे फोटो असले तर १६ जीबीचा लॅपटॉप कुरकुरत का होईना, काम उरकतो. फोटो हजाराच्या वर गेले की रात्री लावलेलं काम सकाळी मधेच मेलेलं सापडतं. क्लाऊडवर मशीन भाड्याने घेऊन पाहिलं, पण प्रत्येक कामाला दहा-पंधरा जीबी फोटो घरच्या इंटरनेटवरून वर चढवायचे म्हणजे निम्मा दिवस त्यातच जातो. १२८ जीबी रॅमचं नवं वर्कस्टेशन घ्यायचं तर खिशाचा विचार करावा लागत होता. म्हणून मग कंपन्यांनी काढून टाकलेल्या रॅक सर्व्हरकडे, म्हणजे लोखंडी चौकटीत एकावर एक बसवायच्या चपट्या सर्व्हरकडे वळले.

हे सर्व्हर स्वस्त का मिळतात, हे आधी समजून घेतलं. वॉरंटी किंवा लीज संपली की मोठ्या कंपन्या चालतं यंत्रही बदलून टाकतात. शिवाय त्यातली रॅम असते रजिस्टर्ड ईसीसी जातीची (म्हणजे जिच्यातल्या चुका आपोआप दुरुस्त होतात अशी), आणि ती साध्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर चालत नाही. म्हणजे गिऱ्हाईक मुळातच थोडं. आणि जे थोडे लोक येतात त्यांतले बरेचसे घरी नेल्यावर आवाजाला वैतागून तोच सर्व्हर परत विकायला काढतात. हे तिसरं कारण मला विक्रेत्यानेच हसत हसत सांगितलं.

त्यामुळे माझी खरेदी उलट्या टोकाने सुरू झाली. कोणता सर्व्हर घ्यायचा हे नंतर, आधी तो राहणार कुठे? कोथरूडमधला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन, म्हणजे कायमची ओल. मोठ्या बाल्कनीत पावसाचे शिंतोडे, कबुतरं आणि पाली. माळ्यावर ठेव, असं बाबा म्हणाले, पण घरातली सगळी गरम हवा छताशीच जमते. उरली स्वयंपाकघरामागची अडगळीची खोली. तिला एक छोटी खिडकी आहे आणि दार हॉलच्या दिशेला उघडतं. पिंपं, जुनी पातेली आणि गणपतीचं मखर दुसरीकडे हलवल्यावर जागा झाली.

जागा ठरल्यावर बऱ्याच गोष्टी आपोआप बाद झाल्या. रॅकमधलं एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर उंची. १यू सर्व्हरमध्ये त्यामुळे ४० मिलिमीटरचे पंखेच बसतात, आणि इतक्या लहान पात्यांनी पुरेशी हवा ओढायची तर त्यांना भन्नाट वेगाने फिरावं लागतं. तो कर्णकर्कश आवाज दोन भिंतींपलीकडेही जातो. २यूमध्ये ६० मिलिमीटरचे पंखे असतात, तेवढीच हवा ते कमी फेऱ्यांत ढकलतात. घरासाठी १यू कितीही स्वस्त मिळाला तरी नको, हे माझं पक्कं मत आहे.

पिढी निवडताना डेलचा पॉवरएज आर७२० आणि आर७३० हे दोन समोर होते. पहिला २०१२ चा, डीडीआर३ रॅमचा. दुसरा २०१४ चा, डीडीआर४ चा. आर७३० ला इंटेलच्या झिऑन ई५-२६०० मालिकेतले व्ही३ आणि व्ही४ प्रोसेसर चालतात, आणि त्यांचा रिकाम्या वेळचा वीजवापर जुन्या पिढीपेक्षा बरा आहे. एचपीचा प्रोलायंट डीएल३८० जेन९ सुद्धा तोडीस तोड आहे, पण त्याचे बायोसचे अपडेट उतरवायला वॉरंटी किंवा करार लागतो, आणि जुनं यंत्र घेणाऱ्याकडे तो कुठून असणार? मी आर७३० वर थांबले.

विक्रेत्याचं गोदाम भोसरीत. आत शिरल्यावर डोक्यापर्यंत रचलेले सर्व्हर. "मॅडम, चालू करून दाखवतो, दिवे लागले की झालं," असं तो म्हणाला. दिवे लागणं ही चाचणी नव्हे. मी त्याला मॉनिटर आणि नेटवर्कची वायर मागितली, आणि त्याने चहा मागवला.

पहिली गोष्ट म्हणजे सर्व्हिस टॅग. पुढच्या बाजूला एक छोटी पट्टी बाहेर ओढता येते, तिच्यावर असतो. तो डेलच्या संकेतस्थळावर टाकला की यंत्र कधी रवाना झालं आणि त्यात मुळात काय काय होतं ते कळतं. दुसरी गोष्ट लाइफसायकल लॉग. यंत्राच्या आयुष्यातल्या तक्रारी त्यात तारखेनिशी नोंदलेल्या असतात: रॅमच्या कोणत्या खाचेत चुका दुरुस्त कराव्या लागल्या, कोणता पंखा अडकला, वीज कधी गेली. एका सर्व्हरच्या लॉगमध्ये एकाच खाचेची तक्रार पुन्हा पुन्हा दिसली, तो बाजूला ठेवला. दुसऱ्याचा लॉग कोरा करकरीत होता. कोरा लॉग म्हणजे कुणीतरी पुसलेला, तेव्हा तोही नको. किरकोळ नोंदी असलेला तिसरा मला आवडला.

मग दोन्ही पॉवर सप्लाय एकेक करून एकट्याने चालवून पाहिले. सहाच्या सहा पंखे फिरतात का ते पाहिलं. दोन्ही प्रोसेसर काढून सॉकेटमधल्या पिना टॉर्च तिरका धरून तपासल्या; एखादी वाकलेली असली की रॅमची एक अख्खी वाहिनी गायब होते. विक्रेता तोंड वाकडं करत होता, पण नाही म्हणाला नाही. शेवटी आयड्रॅकचं लायसन्स. आयड्रॅक म्हणजे सर्व्हरच्या आतला छोटा वेगळा संगणक. मुख्य यंत्र बंद असतानाही तो जागा असतो. त्याचं एंटरप्राइझ लायसन्स असेल तरच सर्व्हरचा पडदा दुसऱ्या खोलीतून, ब्राउझरमध्ये पाहता येतो. ज्याला मॉनिटर न जोडता अडगळीच्या खोलीत यंत्र ठेवायचंय, त्याने या एका गोष्टीसाठी हजार-दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही.

भाव करताना डिस्क वगळून सौदा केला. वापरलेल्या सॅस डिस्क, म्हणजे खास सर्व्हरसाठीच्या डिस्क, मी घेत नाही. त्यांतल्या काही मोठ्या स्टोरेज यंत्रांतून निघालेल्या असतात, त्यांचे सेक्टर ५१२ ऐवजी ५२० बाइटचे असतात, आणि पुन्हा फॉरमॅट केल्याशिवाय त्या साध्या सिस्टिमला दिसून उपयोग नसतो. डिस्क नको म्हटल्यावर विक्रेत्याने कॅडी, म्हणजे डिस्क बसवायच्या चौकटी, हळूच काढून ठेवायला घेतल्या. त्या वेगळ्या घ्यायला गेलं की चांगलंच महाग पडतं, म्हणून तेवढ्यासाठी हुज्जत घातली. जीएसटीचं बिल आणि महिन्याभराची बदलून देण्याची हमी लिहून घेतली.

आणताना पॉवर सप्लाय बाहेर काढून वेगळे गुंडाळले. डिस्क भरल्यावर असा सर्व्हर तीस किलोच्या वर जातो. रिकामाही एकट्याने जिना चढवण्यासारखा नाही. लांबी सव्वादोन फुटांच्या वर, त्यामुळे दुकानात मिळणारे भिंतीवरचे नेटवर्क रॅक त्याला आखूड पडतात. पुरेशा लांबीचा ४२ यूचा रॅक घरात आणणं म्हणजे दुसरं कपाट. मी स्लॉटेड अँगलचा कमरेएवढा स्टँड करून घेतला आणि पायांखाली वॉशिंग मशीनचे रबरी पॅड घातले.

पहिल्यांदा घरात चालू केला तेव्हा सुरुवातीचा अर्धा मिनिट सगळे पंखे पूर्ण वेगाने फिरले. तसं ते प्रत्येक वेळी फिरतात, ती त्यांची स्वतःची तपासणी असते. शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या. "काय गं, घरात पिठाची गिरणी टाकलीस का?" त्यांना आत नेऊन दाखवलं, तोवर पंखे खाली आले होते.

खरा प्रश्न पुढे आला. मी वेगवान नेटवर्कसाठी दुसऱ्या कंपनीचं एक कार्ड बसवलं आणि पंखे कायमचे चढे राहिले. त्यामागे तर्क आहे: अनोळखी कार्ड किती तापतंय हे सर्व्हरला वाचता येत नाही, म्हणून खबरदारीने तो सरसकट जास्त हवा सोडतो. ही खबरदारी बंद करायची आज्ञा आयपीएमआयटूल या सर्व्हरला दुरून आज्ञा देणाऱ्या प्रोग्रॅममधून देता येते, आणि पंख्यांचा वेग हाताने ठरवायचीही वेगळी आज्ञा आहे. वीस टक्क्यांवर ठेवले की दार लावल्यावर हॉलमध्ये फक्त हलकी घरघर उरते. मात्र हाताने वेग बांधला की तापमान कितीही चढलं तरी पंखे आपणहून वाढत नाहीत. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट ठेवलीय: दर अर्ध्या मिनिटाला प्रोसेसरचं तापमान वाचते आणि ६५ अंशांच्या वर गेलं की ताबा पुन्हा सर्व्हरकडे देते. ही स्क्रिप्ट सर्व्हरवर नाही, शेजारच्या छोट्या मिनी पीसीवर चालते. सर्व्हरच अडकला तर त्याच्यावरची स्क्रिप्ट काय कामाची?

आता गारवा. एसी लाव, असा सल्ला सगळ्यांनी दिला. हिशेब करून पाहिला. नकाशाचं काम सुरू असताना माझा सर्व्हर सरासरी २५० वॅटच्या आसपास ओढतो, म्हणजे तासाला साधारण ८५० बीटीयू उष्णता. एक टनाचा एसी तासाला १२,००० बीटीयू काढतो. एवढ्याशा उष्णतेला एसी नको, हवेला वाट हवी. खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षा पाचच अंश चढू द्यायची तर २५० वॅटला ताशी सुमारे १५० घनमीटर हवा बदलावी लागते, आणि खिडकीत बसणारा सहा इंची एक्झॉस्ट फॅन तेवढं सहज करतो. दाराच्या खालच्या भागात सुताराकडून जाळीची पट्टी बसवून घेतली. सर्व्हरचं तोंड दाराकडे, पाठ खिडकीकडे. हवा पुढून आत, मागून बाहेर, तशीच खिडकीतून घराबाहेर.

लोक एक हमखास उद्योग करतात, तो म्हणजे गार राहावं म्हणून वरचं झाकण उघडं ठेवणं. झाकण आणि आतला प्लास्टिकचा हवेचा बोगदा मिळून हवेला प्रोसेसरवरच्या हीटसिंकमधून (त्याची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पात्यांमधून) जायला भाग पाडतात. ते काढलं की हवा सोप्या वाटेने वरून पळते आणि प्रोसेसर उलट तापतो. डिस्कच्या रिकाम्या जागाही कोऱ्या पट्ट्यांनी बंद हव्यात, कारण तेच.

या यंत्राला आत येणारी हवा ३५ अंशांपर्यंत चालते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी गाठली तरी हॉलमध्ये तेहेतीस-चौतीस असतं, म्हणजे काठावर. त्या दोन महिन्यांत मोठी कामं मी रात्री अकरानंतर लावते. पावसाळ्याची मला जास्त धास्ती होती, पण चालू यंत्राच्या आत हवा तापते आणि दमटपणा आपोआप उतरतो. बंद पडून राहिलेल्या यंत्राचीच काळजी जास्त.

विजेचं बाबांनी अंगावर घेतलं. आयुष्यभर रेल्वेत विजेचं काम केलेला माणूस. "अगं, सर्व्हर राहू दे, आधी अर्थिंग बघू," म्हणत मल्टीमीटर घेऊन बसले. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब एक-दोन व्होल्टच्या आत आला तेव्हा समाधान झालं. घरचा जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, तो यातून बाद. सर्व्हरच्या पॉवर सप्लायला नीट साइन वेव्हच लागते. तसा एक यूपीएस घेतला, आणि वीज गेली की काही मिनिटांत सर्व्हर स्वतःहून बंद होईल अशी सोय केली. दोन पॉवर सप्लायपैकी एक काढून कपाटात ठेवला. डेटा सेंटरला विजेच्या दोन वेगळ्या वाहिन्या असतात, माझ्याकडे एकच बोर्ड.

बिलाचं गणितही त्यांनीच मांडलं. काम नसताना सर्व्हर १२० वॅट ओढतो असं धरलं तरी चोवीस तास चालू ठेवल्यावर महिन्याला ८६ युनिट. आमचा वापर आधीच सव्वादोनशेच्या पुढे. म्हणजे तीनशेची पायरी ओलांडून वरच्या दराच्या टप्प्यात. म्हणून हा सर्व्हर चोवीस तास चालतच नाही. फाइल साठवणं आणि इतर बारीकसारीक कामं मिनी पीसीकडे आहेत. नकाशाचं काम आलं की आयड्रॅकमधून सर्व्हर चालू करते, काम संपलं की तो बंद होतो. बंद असतानाही आयड्रॅकसाठी थोडे वॅट जातात, तेवढे सोसते. आयड्रॅकचा मूळ पासवर्ड जगजाहीर आहे, तो पहिल्याच दिवशी बदलला, आणि ते दार इंटरनेटवर उघडं ठेवलेलं नाही.

रॅमबद्दल थोडंसं. प्रत्येक प्रोसेसरला चार वाहिन्या, म्हणून १६ जीबीच्या आठ पट्ट्या, पांढऱ्या खटक्यांच्या खाचांत चार-चार. अशा भरल्या की चारही वाहिन्या वापरल्या जातात. एकाच प्रोसेसरकडे आठ कोंबल्या तर दुसरा उपाशी. दीड हजार फोटोंचं काम आता रात्री लावते, सकाळी नकाशा तयार असतो.

परवा त्याच विक्रेत्याचा फोन आला. आर७४० चा लॉट आलाय, घ्या म्हणाला. त्यात आयड्रॅक ९ असतं, आणि त्याच्या ३.३४ पासूनच्या फर्मवेअरमध्ये (म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) पंखे हाताने बांधायची आज्ञा चालत नाही. मी त्याला भाव विचारलाच नाही, आधी प्रत्येक यंत्राच्या फर्मवेअरचा आकडा पाठव म्हटलं. तो अजून यायचाय.