शहापूर-धेरंडची खारजमीन: मे महिन्यातली फेरी

अलिबाग-पेण रस्त्यावर पोयनाडला उतरून धरमतर खाडीकडच्या बांधांवर गेलो. खारजमीन, म्हणजे खाडीचं पाणी बांधानं अडवून केलेली भातशेती, पाहायची तर मेमध्येच. भात निघाल्यावर शेत उघडं तापतं, खालचं खारं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, उडून जातं आणि मीठ माथ्यावर साचतं. ढेकूळ उचललं की वर पांढरा थर दिसतो, खाली ओल लागते. कापणीनंतर पेंढा अंथरला तर हे चढणं मंदावतं. पेंढा जाळणं इथे दुहेरी नुकसान आहे.

जाणाऱ्यांनी अमावस्या-पौर्णिमेचं उधाण गाठावं, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीला) बांधाची कसोटी दिसत नाही. भरती पूर्ण होण्याआधी तासभर उघाडीवर, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारावर, थांबा. खाडीचं पाणी चढलं की त्याच्या दाबानं झडप मिटायला हवी, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलत ती उघडायला हवी. फांदी किंवा प्लास्टिक अडकलं की झडप फटीएवढी उघडी राहते आणि प्रत्येक भरतीला खारं पाणी आत येतं. बांधाला मोठी खांड (भगदाड) पडली की सगळे धावतात, ही फट मात्र महिनोन्‌महिने कुणी पाहत नाही. खेकड्यांची बिळंही तपासा. आतल्या उतारावर ओल झिरपताना दिसली तर तिथेच पुढची खांड. बांधाबाहेरची कांदळं (खारफुटी) लाटांचा मार खातात, ती तोडू नयेत.

समुद्राची पातळी वाढते तसा ओहोटीला उघाडी वाहण्याचा वेळ कमी होतो. त्यात थोड्या तासांत धो-धो पाऊस पडला की पाणी आतच तुंबतं.

माती मोजायची तर माथ्याचे दोन सेंटिमीटर वेगळे घ्या, १५ सेंटिमीटरपर्यंतचा नमुना वेगळा. २० ग्रॅम वाळलेली माती, ५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, ढवळून अर्धा तास ठेवा, मग ईसी मीटर (क्षारांमुळे वाढणारी विद्युतवाहकता मोजणारं) बुडवा. बाटलीबंद पिण्याचं पाणी चालत नाही, त्यातही क्षार असतात. हा आकडा संपृक्त अर्काच्या (माती जेमतेम भिजून चिखल होईल इतकंच पाणी घालून काढलेल्या अर्काच्या) आकड्यापेक्षा बराच कमी येतो. भाताची ३ डेसीसायमन प्रति मीटर ही मर्यादा संपृक्त अर्काची आहे, थेट तुलना केली तर खराब जमीन चांगली वाटेल.

जिप्समची घाई नको. निव्वळ खारवट जमिनीला ते लागत नाही, चोपण (सोडियम साचून घट्ट) झाली असेल तरच लागतं. आधी सामू (पीएच) आणि सोडियम तपासून घ्या. जूनचं पहिलं पाणी बांधात अडवा, मुरू द्या, ओहोटीला सोडा, पुन्हा अडवा. मगच पनवेल-३ सारख्या खारसह वाणाचा रहू (मोड आलेलं बी) टाका. रोपं कोवळी असताना पावसानं दडी मारली तर साठलेलं गोडं पाणी शेतातून सोडू नका, माती सुकली की मीठ पुन्हा वर येतं.